शेजाऱ्याची कैफियत

पुनर्विकासाच्या प्रस्तावावर शेजारच्या इमारतीतील रहिवाशांनी घेतलेली हरकत ही महानगरपालिकेने विचारात घेण्याजोगी बाबच नव्हे, असे मत अलीकडे मुंबईत बऱ्याच जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकू येते. आणि ते बिल्डरांच्या बैठकींत जितक्या हिरिरीने मांडले जाते तितक्याच हिरिरीने गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत, वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत आणि ज्यांच्या अंथरुणावर रोज सकाळी छताचे पापुद्रे पडलेले असतात अशा सज्जन भाडेकरूंच्या खोल्यांतही मांडले जात असल्यामुळे, धनिकांचा कावा म्हणून त्याची वासलात लावणे न्यायाचे होणार नाही. ते मत चुकीचे आहे, आणि ज्यांच्या हितासाठी म्हणून ते मांडले जाते त्यांच्याच ते मुळावर येणारे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते; तथापि वाद घालायचा तर प्रतिपक्षाची बाजू तिच्या सगळ्या बळासह आधी मांडली पाहिजे.

ती बाजू अशी. शहराला विकास आराखडा आहे, विकास नियंत्रण नियमावली आहे. कोणत्या भूखंडावर किती चटईक्षेत्र, किती उंची आणि चारी बाजूंना किती मोकळी जागा, हे सर्व तीत लिहून ठेवलेले आहे, आणि ती सिद्ध होत असताना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, आज्ञेप्रमाणे नागरिकांच्या हरकती-सूचना रीतसर मागवून त्यांची सुनावणीही झालेली आहे. ज्याला जे बोलायचे होते ते त्याने त्या वेळी बोलावे. एकदा नियम ठरल्यावर नियमात बसणारा नकाशा मंजूर करणे हे पालिकेचे कर्तव्य आणि तो मंजूर करून घेणे हा अर्जदाराचा हक्क. या दोघांच्या मध्ये शेजारी आला कोठून? शिवाय जुनी इमारत कोणाच्या सुनावणीसाठी थांबत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मेली, पुढे दोनच वर्षांनी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, आणि दर पावसाळ्यात असे काहीतरी घडतच असते. अशा शहरात पडत्या घराच्या दारात शेजाऱ्याला उभे करून त्याची संमती विचारणे म्हणजे आत असलेल्यांच्या जिवाशी खेळ करणे होय. आणि ती संमती तरी कशी मिळते, तर पाकिटाने, हे काय कोणाला ठाऊक नाही?

यातील पहिला मुद्दा सर्वांत भारदस्त आहे आणि सर्वांत पोकळही तोच आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे अधिक थांबावे लागेल.

नियमात बसणारा नकाशा ही मुंबईच्या पुनर्विकासात क्वचित आढळणारी वस्तू आहे. साडेतीनशे-चारशे चौरस मीटरच्या भूखंडावरील तीन मजली इमारत पाडून तेथे जुने सभासद, त्यांचे वाढीव क्षेत्र, विक्रीच्या सदनिका आणि मोटारींचा मनोरा एवढे सगळे बसवायचे, तर भूखंडाच्या कडेला सोडायची जागा नियमाप्रमाणे सोडताच येत नाही. आणि ती सोडता येत नाही हे अर्जदाराला, त्याच्या वास्तुविशारदाला व पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मग सवलतीची, म्हणजे रोजच्या बोलीतील कन्सेशनची, फाइल तयार होते. तिच्यातील तक्ता एकदा तरी नागरिकांनी पाहावा असा असतो. एका रकान्यात भूखंडाची बाजू, दुसऱ्यात नियमाने आवश्यक असलेले अंतर, तिसऱ्यात प्रत्यक्ष सोडलेले अंतर, चौथ्यात उणीव आणि पाचव्यात त्या उणिवेची टक्केवारी. उत्तरेला इतकी, पूर्वेला इतकी, जिन्याच्या अंगाला इतकी. त्या टक्केवारीवरून अधिमूल्य काढले जाते, ते पालिकेच्या खजिन्यात भरले की 'ओपन स्पेस डेफिशियन्सी' माफ होते आणि नकाशावर शिक्का पडतो. आता या तक्त्यातील उत्तर किंवा पूर्व ही दिशा कोणाची? कुंपणाच्या पलीकडे तेथे कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे, कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईची खाट खिडकीला लागून आहे. नऊ मीटरच्या जागी साडेतीन मीटर अंतर राहिले, तर उरलेले साडेपाच मीटर आकाश दोन्ही बाजूंचे जाते. परंतु एका बाजूला त्याच्या मोबदल्यात नवे घर मिळते, पालिकेला रोकड मिळते, आणि दुसऱ्या बाजूला केवळ अंधार मिळतो, तोही न विचारता. शेजाऱ्याच्या परसातील आंबा उतरवून बाजारात विकावा आणि पैसे गावच्या चावडीत जमा करून पावती मात्र विकणाऱ्याच्या नावाने फाडावी, तशातला हा व्यवहार आहे.

आणि नियमावलीला हे मान्य आहे काय? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६४ व्या नियमाने आयुक्तांना, अर्जदाराची अडचण उघड दिसत असेल अशा विशिष्ट प्रकरणी, कारणे लेखी नोंदवून मापांत सूट देण्याचा अधिकार दिला. पण तो देताना अशी अट घातली की या सवलतीने त्या इमारतीतील रहिवाशांच्या आणि आसपासच्या वस्तीच्या आरोग्याला व सुरक्षिततेला बाध येता कामा नये. २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी २०१८ साली अमलात आलेल्या नव्या नियमावलीतही ही तरतूद चालू आहे. म्हणजे 'शेजारी आला कोठून' या प्रश्नाचे उत्तर नियमातच लिहिलेले आहे: तो सवलतीच्या अटीतून आला. जी सवलत त्याच्या आरोग्याला बाधक नाही असे ठरल्यावाचून देताच येत नाही, ती देताना त्याला एका शब्दाने विचारायचे नाही, त्याची खिडकी कोठे आहे हे पाहायलाही कोणी जायचे नाही, आणि 'बाध येत नाही' असा शेरा मात्र प्रत्येक फायलीवर मारायचा, ही न्यायाची कोणती रीत? अर्जदाराला अपवाद हवा आहे. अपवाद मागणाऱ्याने नियमाची ढाल पुढे करू नये, एवढे तर्कशास्त्र सातवीतल्या मुलालाही कळते.

हा उजेडाचा आणि हवेचा विचार आपण विलायतेतून आणलेले काही नवे फॅड आहे, असेही कोणी समजू नये. या शहराने त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मांडवी-नागपाडा-कामाठीपुऱ्याच्या अंधाऱ्या खोल्यांतून माणसे पटापट मेली, आणि त्या धसक्याने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर जे व्याख्यान दिले, त्यातील साडेत्रेसष्ट अंशांचा नियम जुन्या इंजिनिअरांच्या तोंडी पुढे वर्षानुवर्षे राहिला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिने जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करू नये; सोप्या हिशेबाने, समोरची इमारत सत्तर फूट उंच असेल तर मध्ये पस्तीस फूट मोकळे हवे. दादर-माटुंग्याच्या ज्या वसाहतींचे आज आपण कौतुक करतो, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, त्यांच्या गल्ल्यांत दुपारी बारा वाजता जो उजेड तळमजल्यावरच्या ओट्यापर्यंत पोचतो तो काही निसर्गाची कृपा म्हणून पोचत नाही. कोणीतरी कागदावर कोन मोजला होता म्हणून पोचतो. ट्रस्टचे हात सर्वस्वी स्वच्छ होते असे मात्र नव्हे; उजेड आणण्याच्या भरात आरंभीच्या काळी त्याने गोरगरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि पाडलेल्यांतील लोक शेजारच्या चाळींत दाटीने कोंबले गेले, ही त्याची काळी बाजू विसरता येत नाही. परंतु त्यावरून काढायचा धडा असा की शहर बदलताना बाहेर ढकलल्या जाणाऱ्याला आधी विचारावे. त्याला विचारणेच नको, असा धडा त्यातून निघत नाही. १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाला, त्याच्या जमिनी पालिकेला मिळाल्या, कामकाज सुधार समितीकडे आले. कोन मात्र कोठे गहाळ झाला ते पालिकेच्या दप्तरदारांनाच ठाऊक.

दिवाणी कायदाही शेजाऱ्याला अगदीच परका मानत नाही. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा, जो १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला, असे सांगतो की एखाद्या इमारतीने वीस वर्षे अखंडपणे व शांततेने उजेड-वारा उपभोगला असेल, तर तो तिचा हक्क होतो. साठ-सत्तर वर्षांची जी इमारत शेजाऱ्याची म्हणून येथे अभिप्रेत आहे, तिला ही वीस वर्षे तीनदा भरलेली असतात. पालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून हा हक्क विझत नाही. पण तो बजावायचा तर शेजाऱ्याने दिवाणी कोर्टात दावा लावावा, नुकसान भरीव स्वरूपाचे आहे हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावे, वकिलाची फी भरावी, आणि तोवर समोर सातवा स्लॅब पडलेला पाहावा. त्या टप्प्यावर कोणतेही न्यायालय इमारत पाडण्याचा हुकूम देण्यास स्वाभाविकच कचरते. जे भांडण तीन आठवड्यांच्या सुनावणीत आणि नकाशातील दोन मीटरच्या फेरफारात मिटले असते, ते अशा रीतीने पंधरा वर्षांचे होते. आणि मग हेच पंधरा वर्षांचे भांडण शेजारी कसे आडमुठे असतात याचा पुरावा म्हणून सभेत सांगितले जाते.

१९६६ च्या कायद्यातील व्यवस्था या बाबतीत फार बोलकी आहे. कलम ४५ खाली परवानगी द्यायची किंवा नाकारायची; नाकारली तर कलम ४७ खाली अपील करायचे, पण ते फक्त अर्जदाराने. परवानगी दिल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी त्या कायद्यात एकही पायरी ठेवलेली नाही. ज्या इंग्रजी कायद्याचा, म्हणजे १९४७ च्या नगररचना कायद्याचा, आपल्या कायद्यावर मोठा पगडा आहे, त्याच्या मायदेशी आज असा अर्ज आला की शेजाऱ्यांना नोटीस जाते अथवा जागेवर फलक लागतो, एकवीस दिवस म्हणणे मांडायला मिळतात, आणि प्रकरण वादाचे असेल तर निवडून आलेल्या सभासदांच्या समितीपुढे अर्जदार व शेजारी दोघेही उभे राहून बोलतात. घरे तेथेही बांधली जातातच. आपण तो कायदा समोर ठेवला तेव्हा अधिकाराचा भाग मोठ्या तत्परतेने उचलला आणि कान देण्याचा भाग तेवढा तिकडेच राहू दिला. पर्यावरणाच्या बाबतीत तर हे अधिक उघडपणे घडले. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने खाणी, धरणे, कारखाने यांच्यासाठी जनसुनावणी आवश्यक केली, आणि बांधकाम प्रकल्पांना तेवढे त्यातून नाव घेऊन वगळले.

'आपल्याकडे सुनावणी चालवणे अशक्यच' असे ज्यांना वाटते त्यांनी २०१२ सालचा वारसा-यादीचा प्रसंग आठवावा. त्या वर्षी वारसा इमारतींची व परिसरांची नवी यादी प्रसिद्ध झाली. तीत शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारखे परिसर होते. आणि यादीत नाव आले तर पुनर्विकास अडेल या भीतीने शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी मोठा गहजब केला. त्यांच्या हरकती मागवल्या गेल्या, समितीपुढे सुनावण्या झाल्या, लोक कागदपत्रे घेऊन आले, बोलले, भांडले. त्यांचे म्हणणे बरोबर होते की चूक हा येथे प्रश्न नाही. बांधण्याच्या हक्कावर मर्यादा येते म्हटल्यावर जी पालिका हजारो लोकांना ऐकून घेऊ शकते, तीच पालिका उजेडाच्या हक्कावर मर्यादा येते म्हटल्यावर चार शेजाऱ्यांना ऐकू शकत नाही, हे कसे?

आता जीर्ण इमारतींचा मुद्दा. त्याचे गांभीर्य कमी लेखण्याचे कारण नाही. पण या इमारती जीर्ण कशाने झाल्या आणि जीर्णावस्थेत इतकी वर्षे कशाने राहिल्या, याचा हिशेब मांडला तर त्यात शेजाऱ्याच्या नावावर फारशी थकबाकी निघत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही. १९६९ साली दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला, टेकू आले. पुढे मालक-भाडेकरूंचे खटले, संक्रमण शिबिरांची टंचाई, संमतिपत्रांवरून भाऊबंदकी, आणि मध्येच पैसा आटून निघून गेलेला बिल्डर. हुसैनी इमारत ज्या भागात होती तेथे समूह-पुनर्विकासाची योजना मंजूर होऊन काम चालूही झाले होते. ती इमारत शेजाऱ्याच्या हरकतीखाली दबून पडली नाही. सहकारी संस्थांच्या बाबतीत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सभासदांच्या संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली. म्हणजे संस्थेतीलच ४९ टक्के माणसे नको म्हणत असली तरी काम पुढे जाऊ शकते. तरीही निविदा, बिल्डरची निवड, करारनामे, भाड्याचे धनादेश यांत वर्षे जातात, आणि त्या वर्षांबद्दल कोणी हळहळत नाही. हळहळ वाटते ती शेजाऱ्याला द्यावयाच्या एकवीस दिवसांची. इमारत अतिधोकादायक ठरली असेल तर रहिवाशांना आजच बाहेर काढावे, ती आजच उतरवावी. ते कोणत्याही सुनावणीवर अवलंबून ठेवावे असे या लेखकाने तर नाहीच, पण शेजाऱ्यांपैकीही कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही, कारण ती पडली तर पहिल्याने त्यांच्याच कुंपणावर पडणार. सुनावणी हवी आहे ती नव्या इमारतीच्या सवलतींवर. जुनी पाडणे आणि नवी बांधणे ही दोन कामे आहेत, आणि पहिल्याची घाई दुसऱ्याच्या खात्यावर उचलणे हा हिशेबातील लबाडीचा प्रकार आहे.

उजेडाखेरीज शेजाऱ्याची आणखी एक तक्रार असते, जी सभांतून फारशी ऐकू येत नाही पण प्रत्यक्षात सर्वांत आधी सुरू होते, ती खोदकामाची. पूर्वी तीन मजल्यांसाठी पाया पाच-सहा फूट खणला की भागत असे. आता मोटारींसाठी दोन-दोन तळघरे, त्यांच्या कडेने पाइल, आणि रात्रंदिवस पाणी उपसणारे पंप. शेजारची सत्तर वर्षांची इमारत भार घेणाऱ्या भिंतींची असते. पहिल्या महिन्यात तिच्या जिन्यात केसासारखी रेघ उमटते. जाणता इंजिनिअर असेल तर तो त्या रेघेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवतो, तिच्यावर तारीख घालतो. भेग वाढली की काच तडकते, आणि मग वादाला जागा राहत नाही. पण बहुतेक ठिकाणी हे कोणी केलेले नसते. रहिवासी बांधकामाच्या जागेवर जातात, तेथील देखरेख्या म्हणतो की भेग आधीचीच आहे. वॉर्ड ऑफिसात जातात, तेथे सांगतात की हा दोन खासगी पक्षांचा वाद आहे. काम सुरू होण्याआधी शेजारच्या इमारतीची पाहणी करून भेगांची छायाचित्रांसह नोंद ठेवावी आणि तिची एक प्रत त्या इमारतीला द्यावी, ही मागणी ज्याला अडवणूक वाटते त्याने अडवणूक पाहिलेलीच नाही.

आणि अडवणूक आहे. प्रतिपक्षाच्या या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांच्या नावाने अर्ज खरडणारे, माहितीच्या अधिकाराचे कागद गोळा करून बिल्डरच्या कचेरीत जाऊन बसणारे, 'साहेब, बघा काहीतरी' म्हणून तिसऱ्या भेटीत तक्रार मागे घेणारे लोक प्रत्येक वॉर्डात आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या गाडीवर पक्षाचा झेंडाही असतो. परंतु हा धंदा चालतो कशाच्या बळावर? हरकत घेण्याची उघडी, मुदतबंद, फुकट अशी जागा नाही, म्हणून तो चालतो. जेथे दार नसते तेथे खिडकीतून आत सोडणारा पैसे घेतो. हरकत सुनावणीत मोठ्याने वाचली गेली, तिच्यावर लेखी उत्तर मिळाले आणि मुदत संपली की प्रकरण बंद झाले, तर मागे घेण्यासाठी विकायला त्या अर्जदाराजवळ काही उरतच नाही. बिल्डरांच्या संघटनांनीच खरे तर ही मागणी करायला हवी होती; ती ते का करीत नाहीत, याची अटकळ बांधण्याचे काम वाचकांवर सोपवतो.

शेजाऱ्याचे प्रत्येक म्हणणे खरे धरावे, असा मात्र याचा अर्थ नाही, आणि या ठिकाणी शेजाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही चार शब्द ऐकवणे प्राप्त आहे. आमच्या बाल्कनीतून समुद्र दिसायचा तो आता दिसणार नाही, ही हरकत मनाला लागणारी असली तरी कायद्यात तिला स्थान नाही. उजेडाचा हक्क असतो, देखाव्याचा नसतो, आणि तसा तो असावा असेही म्हणता येणार नाही, नाहीतर पहिला घर बांधणारा कायमचा मालक ठरेल. आमच्या फ्लॅटची किंमत उतरेल, ही तर हरकतच नव्हे. आणि सर्वांत किळसवाणी हरकत, जी 'परिसराचा दर्जा' या सोवळ्या शब्दांनी लिहिली जाते आणि जिचा अर्थ एवढाच असतो की पलीकडच्या झोपडपट्टीतील माणसे, संक्रमण शिबिरातील माणसे, आपल्याहून वेगळे खाणारी किंवा वेगळा देव मानणारी माणसे आमच्या गल्लीत राहायला येऊ नयेत, ती हरकत तर आवर्जून सुनावणीत यावी असे वाटते. ती सर्वांसमक्ष, लिहिणाऱ्याच्या नावानिशी वाचून दाखवली जावी आणि ती का फेटाळली याची कारणे इतिवृत्तात यावी. आज ती बंद दाराआड, ओळखीच्या नगरसेवकाच्या कानात सांगितली जाते, म्हणून टिकते.

एका गोष्टीचा विचार पुनर्विकासाला निघालेल्या संस्थांनी जितका करायला हवा तितका केलेला दिसत नाही. गल्लीत आज एकच संस्था उंच होते आहे. उद्या दुसरी होईल, परवा तिसरी. पहिलीने सर्वांचा उजेड घेतला, दुसरी पहिलीचा घेईल. ज्या सभासदाने आज सर्वसाधारण सभेत 'शेजाऱ्यांना काय विचारायचे' म्हणून टाळ्या घेतल्या, तो नव्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर पूर्वेच्या खिडकीचा दर मोजून राहायला जातो, आणि तीन वर्षांनी पूर्वेच्या भूखंडावर पत्र्याचे कुंपण उभे राहते. त्या दिवशी तो शेजारी झालेला असतो. साडेतीन मीटरवर समोरच्याच्या स्नानगृहाची झडप, मध्ये एअर कंडिशनरांची गरम हवा आणि दिवसा अकरा वाजता लावावी लागणारी ट्यूबलाइट, यांविरुद्ध त्याला जेथे दाद मागता आली असती ती जागा त्यानेच टाळ्यांच्या गजरात नाकारलेली असते.

राहता राहिला प्रश्न की हे ऐकायचे कोणी. परवानगीचा अधिकार आयुक्तांचा आहे, निवडून आलेल्या सभागृहाचा नाही. आणि ७ मार्च २०२२ रोजी सभासदांची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे सभागृहच अस्तित्वात नव्हते, सर्व कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. बिल्डरांकडून घ्यावयाची अधिमूल्ये २०२१ साली निम्म्यावर आली तेव्हा सभागृह होते, पण तेव्हाही शेजाऱ्याच्या बाजूने फार कोणी बोलल्याचे दिसले नाही. कारण अधिमूल्य हा उत्पन्नाचा प्रश्न समजला गेला, उजेडाचा नाही. म्हणून सगळा अधिकार नगरसेवकांकडे द्यावा अशी भाबडी सूचना येथे करायची नाही. प्रभाग समित्या कायद्याने अस्तित्वात आहेत. ज्या प्रस्तावात मोकळ्या जागेची सवलत मागितली आहे तेवढ्याच प्रस्तावांपुरती, लगतच्या भूखंडांना मराठीत नोटीस द्यावी. नोटिशीबरोबर असा एक छेद-नकाशा जोडावा ज्यात शेजारची इमारत आणि तिच्या खिडक्या दाखवलेल्या असतील, कारण आजच्या नकाशांत कुंपणापलीकडे कोरा कागद असतो. एकवीस दिवसांत आलेल्या हरकती प्रभाग समितीने एका बैठकीत, अर्जदारासमक्ष, ऐकाव्या आणि आपला अभिप्राय आयुक्तांकडे पाठवावा. निर्णय आयुक्तांनीच द्यावा. सवलत द्यावीशी वाटली तर द्यावी, अधिमूल्यही घ्यावे, आणि त्यातला काही हिस्सा ज्याची बाजू कमी झाली त्याच्या इमारतीच्या दुरुस्तीकडे वळवता येतो का ते पाहावे.

सवलतीची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आयुक्तांवर १९९१ पासून आहेच. त्या कारणांची एक प्रत शेजारच्या संस्थेच्या चिटणिसाला पाठवायची झाली, तर पालिकेला त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे खाते लागत नाही. टपालाचे तिकीट लागते, आणि मुळात फायलीत कारणे लिहिलेली असावी लागतात.